बेडूक आणायचे नसतात, येऊ द्यायचे असतात

परसात तळं करून झालं की लोकांचा दुसराच प्रश्न असतो, "आता यात बेडूक कुठून आणून सोडू?" माझं ठाम मत: कुठूनही नाही. पाणी दिसलं की ते आपापले येतात. एखादा हंगाम कोणी फिरकलं नाही तर नाही. कळ काढा.

बादलीतून अंडी किंवा टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, उचलून आणणं वरवर निरागस वाटतं. पण त्या पाण्याबरोबर आजारही येतो. कायट्रिड नावाची बुरशी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली १९९८ च्या सुमारास, आणि तोवर तिने कित्येक जाती पार धुऊन नेल्या होत्या. बेडूक कातडीतूनच पाणी पितो, श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. ही बुरशी नेमकी तिथेच बसते. शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय बंद पडतं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात ती पोचवायला आपली ओली बादली पुरते.

दुसरं, मासे. बेडूक हवेत आणि गोल्डफिशही हवेत, हे दोन्ही एकत्र जमत नाही हो! मासे अंडी खातात, टॅडपोल तर खातातच. एकच काय ते ठरवा. "मग डास होतील त्याचं काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. टॅडपोल डासांचा फडशा पाडतात असं सर्रास सांगितलं जातं, पण त्यांच्यातले बहुतेक शेवाळ खरवडून खाणारे. डासांच्या अळ्यांचा खरा समाचार घेतात चतुराच्या अळ्या आणि इतर पाणकिडे. त्या चतुराच्या अळ्या टॅडपोललाही सोडत नाहीत, हा भाग वेगळा. एका मादीच्या शेकडो-हजारो अंड्यांतून मोजकीच पिल्लं काठावर येतात, ते असंच. ते बघून हळहळू नका.

काठावरून आठवलं. सगळ्यात जास्त चूक इथे होते. सरळ उभ्या, गुळगुळीत भिंतींचं तळं म्हणजे सापळा. शेपूट अजून पुरती जिरलेली नाही, पाय नुकतेच फुटलेत, असं नखाएवढं पिल्लू त्या भिंतीवर चढणार कसं? एका बाजूला उतार ठेवा, दगड रचा, कडेला गवत वाढू द्या. तळ्यात नळाचं पाणी ओतणार असाल तर आधी एक-दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते मात्र तसं उडत नाही, त्यामुळे पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच. आणि तणनाशक, कीटकनाशक तळ्याच्या आसपासही नको. एवढी पातळ कातडी घेऊन जगणाऱ्याला ते सोसत नाही.

एवढं जमलं तर संध्याकाळी खुर्ची टाकून बसा आणि बेडूक घास कसा गिळतो ते बघा. किडा तोंडात गेला की डोळे मिटतात आणि चक्क आत दबतात, कारण घास घशात ढकलायला तो डोळ्यांचीच मदत घेतो. मला तर तळ्यातल्या कमळापेक्षा हे जास्त आवडतं.

राहता राहिला आवाज. ओरडतात ते बहुतेक नरच, मादीला बोलवायला, आणि तेही विणीच्या दिवसांतच. ज्यांची झोप मोडते त्यांनी तळं झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून लांब खणावं. नंतर "यांना कसं हाकलू?" असं विचारत माझ्याकडे येऊ नये.