टेस्टोस्टेरॉन टोचून घोड्याचं वीर्य सुधारत नाही, उलट बंद पडतं

चार दिवसांपूर्वी रात्री साडेदहाला चुलतभावाचा फोन, "दादा, इंजेक्शन आणून ठेवलंय, आज टोचू का उद्या?" कसलं इंजेक्शन म्हटलं तर टेस्टोस्टेरॉन! त्याच्या घोड्याचा वीर्याचा रिपोर्ट खराब आला होता आणि नेमका त्याच आठवड्यात त्याला तो मेसेज आला, "घोड्याचं वीर्य १५ दिवसांत दुप्पट ताकदवान करा, पाच खात्रीचे उपाय". तुमच्याकडेही आला असेल, कारण मला आत्तापर्यंत तीन ग्रुपवर आलाय. उपाय असे: टेस्टोस्टेरॉन द्या, महिनाभर वीर्य न काढता घोड्याला पूर्ण विश्रांती द्या, वीर्य काढल्याबरोबर बर्फात ठेवा, शुक्राणू जोरात पळताना दिसले की माल एक नंबर समजा, आणि खुराकात ओमेगा-३ घाला. मी वीर्य गोळा करणं, तपासणं, थंड करून पाठवणं हेच काम करतो, त्यामुळे वाचून डोकंच फिरलं.

आधी ते १५ दिवस. घोड्यात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात, त्यानंतर वृषणाला चिकटलेल्या नळीतून पुढे सरकत पक्व व्हायला आणखी आठवडाभर किंवा थोडं जास्त. म्हणजे आज जे वीर्य हातात येतं त्याची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. आज दिलेल्या कुठल्याही गोष्टीचा खरा परिणाम दोन महिन्यांनी दिसणार. आणि कोणी हिवाळ्याच्या शेवटी उपाय सुरू केला आणि उन्हाळ्यात आकडे वाढले म्हणून खूश झाला तर ते दिवस मोठे झाल्यामुळे, घोड्याचं शुक्राणू उत्पादन तसंही ऋतूप्रमाणे वरखाली होतं.

आता ते इंजेक्शन, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच आहे. लोकांना वाटतं टेस्टोस्टेरॉन म्हणजे नराचं हार्मोन, जास्त दिलं की शुक्राणू जास्त. होतं बरोबर उलटं. मेंदूखालची पियुष ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन सोडते, त्याच्या हुकमाने वृषण स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवतं, आणि वृषणाच्या आत त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. शुक्राणू बनायला तेवढं आतलंच लागतं. बाहेरून टोचलं की रक्तातलं प्रमाण वाढतं, मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच थांबवतो, वृषणातलं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि शुक्राणू बनणं मंदावतं. पुढे वृषण आकारानेही लहान होतात. ॲनाबॉलिक स्टेरॉइडचंही तेच.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं होतं, कशासाठी, तर गर्भनिरोधक म्हणून! आणि निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यातले शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. जे औषध माणसात मूल होऊ नये म्हणून तपासलं तेच तुम्ही घोडी गाभण राहावी म्हणून घोड्याला टोचताय. फसगत होते ती अशी की घोडा इंजेक्शननंतर जास्त आक्रमक होतो, घोडीकडे जोरात धावतो, मालक म्हणतो गुण आला, आणि आत सगळं बंद होत चाललेलं असतं. नंतर सोडलं तरी पूर्ववत व्हायला महिने जातात, म्हणजे अख्खा सीझन गेला.

महिनाभर विश्रांती? काही घोड्यांत जुने शुक्राणू नळ्यांमध्ये साचून राहतात, मग पहिल्या वीर्यात डोकी तुटलेले, मेलेले शुक्राणू येतात आणि रिपोर्ट आणखी वाईट दिसतो. अशा घोड्याचं उलट रोज वीर्य काढून साठा रिकामा करावा लागतो.

बर्फाचं तर बोलूच नका. २० अंशांपासून ५ अंशांपर्यंतचा टप्पा घोड्याच्या शुक्राणूला सगळ्यात नाजूक, तिथे झटक्यात थंड केलं की आवरण फाटतं आणि शुक्राणू जागच्या जागी गोल फिरायला लागतात. आधी कोमट, साय काढलेलं दूध आणि ग्लुकोज असलेल्या एक्स्टेंडरमध्ये, म्हणजे वीर्य टिकवणाऱ्या द्रावणात, मिसळायचं, मग हळूहळू थंड करायचं. आणि भांड्यात पाण्याचा थेंब किंवा साबणाचा अंश राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया.

पळताना दिसणं महत्त्वाचं आहे, पण नुसतं तेवढंच नाही. ठरलेली तपासणी अशी की आठवडाभर विश्रांतीनंतर तासाभराच्या अंतराने दोनदा वीर्य घ्यायचं आणि दुसऱ्यात सरळ पुढे जाणारे, नीट आकाराचे किमान १०० कोटी शुक्राणू हवेत. एकूण आकडा काढल्याशिवाय नुसतं मायक्रोस्कोपमध्ये बघून "एक नंबर" म्हणायला काही आधार नाही.

ओमेगा-३ बद्दल मात्र, नाइलाजाने का होईना, थोडं खरं आहे म्हणावं लागतं. २००५ मध्ये आठ घोड्यांवर अभ्यास झाला, १४ आठवडे खुराकात डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) दिलं, आणि फायदा दिसला तो मुख्यतः थंड करून ठेवलेल्या वीर्यात, तोही ज्यांचं वीर्य थंडीत लवकर मरत होतं अशा घोड्यांत जास्त. पण १४ आठवडे, १५ दिवस नाही, आणि कुठलंही तेल ओतलं म्हणजे डीएचए होत नाही.

भावाला फोनवर एकच विचारलं, गेल्या दोन महिन्यांत घोडा आजारी होता का? आधी नाही म्हणाला, मग आठवलं, दीड महिन्यापूर्वी पाच दिवस ताप होता. अरे मग रिपोर्ट खराब येणारच ना, वृषण तापलं की त्या वेळी घडत असलेले शुक्राणू बिघडतात आणि बिघाड पुढचे कित्येक आठवडे वीर्यात दिसत राहतो. त्याला सांगितलंय, इंजेक्शन परत कर, घोड्याला काही टोचू नकोस, महिनाभराने सलग सात दिवस वीर्य काढू आणि शेवटच्या दिवशीचं मोजू.