‘पोर्टरला पैसे मोजतोच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

टांझानियातल्या किलिमांजारो पर्वताचा ट्रेक आणि सेरेंगेटीची जंगल सफारी यांसाठी बॅग कशी भरावी, या माझ्या यादीवर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पोर्टरला, म्हणजे ट्रेकवर आपलं ओझं वाहणाऱ्याला, आपण पैसे मोजतो, मग दोन-तीन किलो जास्त झाले तर एवढी ओरड कशाला? वीस वर्षं सह्याद्रीत जीन्स आणि सुती टी-शर्टवर भटकलो, मग हे महागडे कपडे कशाला? आणि घरचा खाऊ यादीतून उडवून शाकाहारी माणसाला उपाशी ठेवणार का? तिसरा आक्षेप मला मान्य आहे, त्याकडे शेवटी येते. पहिला मात्र मनाला लागला.

किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाच्या नियमानुसार एका पोर्टरच्या अंगावर २० किलोंपेक्षा जास्त वजन नको. त्यात त्याचं स्वतःचं सामानही आलं, म्हणून आपल्या डफल बॅगेला १५ किलोंची मर्यादा. गेटवर वजनकाटा असतो. पहिल्या खेपेला माझी बॅग साडेसतरा भरली. दोन जाड पुस्तकं, चार जादा टी-शर्ट, शांपू-लोशनच्या मोठ्या बाटल्या. अडीच किलो काढून मी माझ्याच पाठीवरच्या सॅकमध्ये घातले आणि मचामे कॅम्पपर्यंत, म्हणजे पहिल्या मुक्कामापर्यंत, वाहिले. तेवढ्यात खांदे भरून आले. आणि ज्याच्यासाठी ते काढले, तो माणूस उरलेले १५ किलो डोक्यावर घेऊन माझ्या पुढे निघून गेला होता.

सकाळी आपण आधी निघतो. पोर्टर मागे राहून तंबू उतरवतात, भांडी आवरतात, वाटेत आपल्याला गाठून पुढे जातात आणि आपण पोचेपर्यंत पुढचा तंबू उभा असतो. वाटेतल्या बरांको भिंतीवर, म्हणजे उभ्या कड्यावर, आपण रिकाम्या हातांनी कातळ धरत चढतो, तिथेही त्यांच्या मानेवर ओझं असतंच. पैसे आपण या कामाचे देतो हो, पण नियमाबाहेरच्या तीन किलोंचे नाही देत. खरंच जास्त सामान लागणार असेल, तर आधी सांगून आणखी एका पोर्टरची मजुरी द्यावी. तो सरळ मार्ग आहे. पुष्कळ पोर्टरांकडे स्वतःचे धड गरम कपडेही नसतात. पायथ्याच्या मोशी गावातली ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था त्यांना असे कपडे विनामूल्य वापरायला देते. परतताना आपलं चांगलं जाकीट तिथे देऊन यावं.

आता जीन्स. ट्रेक जिथून सुरू होतो ते मचामे गेट साधारण १८०० मीटरवर आहे, कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याहून उंचावरून ही चाल सुरू होते, तीही पावसाळी जंगलातून. सह्याद्रीत भिजलो तरी संध्याकाळी गावात उतरून कोरडे होतो. इथे रोज आणखी वर, आणखी गारठ्यात जायचं. भिजलेली जीन्स वाळत नाही आणि जडही होते. शिखराच्या रात्री बाराच्या सुमाराला बराफू या शेवटच्या कॅम्पहून निघालं की उणे दहा-पंधरा अंश नेहमीचेच, आणि सुती बनियन घामाने ओलं झालं की थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. महागडं मात्र काही घेऊ नका, हे तुमचं म्हणणं पटतं. डाउन जाकीट, स्लीपिंग बॅग, काठ्या मोशीत भाड्याने मिळतात. बूट तेवढे स्वतःचे, रुळलेले हवेत, आणि ते विमानात पायातच घालून जा, म्हणजे सामान हरवलं तरी ट्रेक हुकणार नाही.

सफारीला जीपमध्ये जीन्स चालेल, पण गडद निळी किंवा काळी नको. चावणाऱ्या त्सेत्से माशीला हे दोन रंग ओढून घेतात. तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात तिला पकडायला झाडांना कीटकनाशक लावलेली निळी-काळी फडकीच टांगतात. खाकीचा आग्रह फोटोसाठी नव्हता, तो या माशीमुळे होता. छोट्या विमानाने सेरेंगेटीत जाणार असाल तर तिथेही बहुधा १५ किलोच, हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ हवी. ट्रेकचं सामान हॉटेलात ठेवून जा. थर्मल मात्र सोबत असू द्या, न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराचा काठ २३०० मीटरच्या आसपास आहे आणि पहाटे उघड्या छताच्या जीपमध्ये चांगलीच थंडी वाजते.

खाऊबद्दल तुम्ही बरोबर आहात, माझी चूक झाली. पोटाची सोय तिथे होते: भात, घेवड्याची उसळ, सूप, आणि चपातीला स्वाहिलीतही चपातीच म्हणतात. पण ४००० मीटरच्या वर भूक मरते, समोरचं ताट नकोसं होतं. तेव्हा लिंबाच्या लोणच्याची एक फोड जे काम करते, ते दुसरं काही करत नाही. यादीत आज भर घातली आहे: शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे, मेतकूट, छोट्या डबीत लोणचं, सगळं मिळून एक किलो. बांधणी कापडी पिशवीत करा, टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आणि हा किलो त्या पंधरातच बसवायचा बरं का. माझ्या यादीतला दुसरा स्वेटर काढलात तर जागा होते.

तुम्ही कुठल्या महिन्यात निघताय ते लिहिलं नाहीत. मार्च ते मे असेल तर पोंचो आणि सॅकचं रेनकव्हर आधी बाजूला काढून ठेवा.