बसते, पण चालत नाही

जॉयस्टिकच्या आत काहीतरी असतं, असा लोकांचा समज आहे. अटारी या अमेरिकन कंपनीची जॉयस्टिक उघडून बघा. काळा चौकोनी डबा, तळाला चार स्क्रू, आत हिरवी पाटी आणि तिच्यावर चिकटपट्टीखाली पत्र्याच्या पाच टिकल्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि पाचवी लाल बटणाखाली. दांडा कलला की टिकली दबते आणि एक तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, टेकते. संपली जॉयस्टिक. आयसी म्हणजे चिप नाही, काही नाही. १९७७ साली अमेरिकेत अटारीचा कंसोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा खोका, आला, आणि पाठोपाठ ही पाच टिकल्यांची काठी जगभर पसरली. कोमोडोर ६४ आणि अमिगा हे जुने संगणक, त्यांनाही हीच चालते. पुण्यात ती आमच्या माळ्यावर होती.

माळ्यावर का, तर मामामुळे. ऐंशीच्या दशकात तो अमेरिकेहून अख्खा कंसोल घेऊन आला. तिकडे भिंतीत ११० व्होल्ट, इकडे २३०. तिकडचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, आमचा टीव्ही पाल पद्धतीचा. घरातला एक माणूस ट्रान्सफॉर्मर आणायला बाहेर पडला आणि तो जिना उतरेपर्यंत दुसऱ्याने प्लग भिंतीत खुपसला. आपण हा पराक्रम केलाच नाही, असं त्या वेळी हजर असलेले सगळे नातेवाईक आजही सांगतात. कंसोल कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. दोन जॉयस्टिक मात्र तेव्हापासून माळ्यावर, जुन्या पितळी समयांच्या शेजारी.

त्या खाली येण्याचं कारण जुना बाजार. रविवारी तिथे गेलं की माणूस नळाचा वायसर आणायला जातो आणि ग्रामोफोनचा कर्णा घेऊन येतो. मला नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम मिळाला. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम काढला, त्याच्या ज्या असंख्य नकला आपल्याकडे आल्या त्यांपैकी एक. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९ इन १’. (आतले गेम मोजके, बाकीचे तेच पुन्हा वेगळ्या आकड्याने. तरी लहानपणी आम्ही श्रद्धेने खालपर्यंत जात असू.) ‘रिमोट’, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या पट्ट्या, मात्र नव्हते. एका रिमोटची नुसती वायर आणि प्लग लोंबत होता, दुसऱ्याचा तेवढाही पुरावा नव्हता.

“रिमोट कुठेपण भेटतील साहेब,” विक्रेता म्हणाला.

“दोनशे-अडीचशेत नवीन मिळतात, मागव,” बायको म्हणाली. तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

आता खरी मेख. मामाच्या जॉयस्टिकचा प्लग नऊ छिद्रांचा आणि या गेमचं सॉकेट नऊ पिनांचं. मापात माप, कोनात कोन. वरच्या मजल्यावरचे नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटीत कुठेही तार दिसली की ते येतात. त्यांनी प्लग सॉकेटसमोर धरला आणि निकाल दिला, “बसतंय ना? मग चालतंय. लाव.”

मी आधी मल्टिमीटर काढला. नानांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते मीटर हा अनुभव नसलेल्या माणसांसाठी असतो. पण मीटरने जे दाखवलं ते बघून तेही गप्प झाले, आणि नाना गप्प होणं ही नोंद करण्यासारखी घटना आहे. अटारीच्या प्लगमध्ये आठ नंबर ग्राउंड आणि सहा नंबर फायरचं बटण. या गेममध्ये आठ नंबर ग्राउंडच, पण सहा नंबरवर पाच व्होल्टचा सप्लाय. म्हणजे जॉयस्टिक तशीच लावली असती तर दांडा हलवून काही धड झालं नसतं, आणि मग कंटाळून फायर दाबलं की सप्लाय थेट ग्राउंडला शॉर्ट. बटणाचं नाव सार्थ झालं असतं.

अटारीच्या जॉयस्टिकला प्रत्येक दिशेची वेगळी तार असते. कोणती तार ग्राउंडला टेकली आहे ते कंसोलने स्वतः बघून घ्यायचं. निन्टेन्डोच्या रिमोटमध्ये आठ बटणं, पण तारा पाचच. त्यांतल्या दोन सप्लाय आणि ग्राउंडच्या, उरल्या तीन. तीन तारांतून आठ बटणांची खबर कशी जाते? रिमोटच्या पोटात ४०२१ नावाचा सोळा पायांचा आयसी बसलेला असतो, तो शाळेतल्यासारखी हजेरी घेतो. पहिल्या तारेवरून कंसोल म्हणतो, ‘जागेवर बसा.’ ज्या क्षणी हे म्हटलं त्या क्षणी कोण दबलंय ते आयसी टिपून ठेवतो. दुसऱ्या तारेवरून ‘पुढचा, पुढचा’ असे ठोके येतात आणि तिसरीवरून एकेकाचं उत्तर जातं. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावा, उजवा. सेकंदाला पन्नास-साठ वेळा ही हजेरी होते आणि आठ जणांपैकी कुणीही ‘मी संडासला गेलो होतो’ म्हणत नाही.

म्हणजे करायचं काय, तर हा एक आयसी मध्ये बसवायचा. एका बाजूने जॉयस्टिकच्या पाच तारा आत, दुसऱ्या बाजूने तुटक्या रिमोटची वायर बाहेर. कागदावर हे पाच मिनिटांचं काम आहे. कागद तपकीर गल्लीत चालत नाही.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुचाकी लावायला जागा मिळाली तर त्या दिवशी दुसरं काही मागू नये. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “बोला.”

“चाळीस एकवीस आहे का?”

“सीडी की एचईएफ?”

“कुठलाही चालेल.”

आता मान वर आली. “कुठलाही चालेल असं नसतं. कशाला हवाय?”

मी सांगितलं. शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनीही ऐकलं. त्यांच्यापैकी एकाने ‘रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) का नाही वापरत’ असं विचारलं. अशा ठिकाणी असा एक माणूस असतोच. तो काही विकत घेताना कधी दिसत नाही.

“आणि नऊ पिनी डी कनेक्टर एक.”

“मेल की फिमेल?”

“जॉयस्टिकचा फिमेल आहे, म्हणजे मेल.”

“सोल्डरचा की पीसीबीचा?”

“सोल्डरचा.”

“हूड?”

“नको.”

“स्क्रू?”

लग्न ठरताना मला इतके प्रश्न विचारले गेले नव्हते. शेवटी त्याने धूळ झटकून एक खोका उघडला. “भोसरीचे सीएनसीवाले सोडले तर हे आता कुणी नेत नाही,” असं म्हणत त्याने एक कनेक्टर माझ्या हातावर ठेवला. दहा केचे रेझिस्टर सुटे आठ द्यायला मात्र त्याने साफ नकार दिला. आठ रेझिस्टरांचं बिल करण्यात त्याची शाई फुकट जाणार होती. आता आमच्या घरी पुढच्या दोन पिढ्यांना पुरतील इतके रेझिस्टर आहेत.

सोल्डरिंग झालं आणि खरा तुटवडा समोर आला: डबा. आयसी, व्हेरोबोर्ड म्हणजे सोल्डरिंगची भोकाभोकांची पाटी, तारांचं जंजाळ हे सगळं कशात तरी बसवायला हवं. माझ्या मनात श्रीखंडाचा अर्धा किलोचा प्लॅस्टिकचा डबा होता. ‘एक रिकामा डबा दे’ हे वाक्य मराठी घरात किती जपून उच्चारावं लागतं ते मला ठाऊक होतं, तरी उच्चारलं.

“रिकामा कुठेय? त्यात ओवा आहे,” आई म्हणाली.

“शेजारचा?”

“त्यात राळं.”

“गेल्या कित्येक वर्षांत आपण राळं खाल्लेलं नाही.”

“म्हणूनच शिल्लक आहे.”

वाटाघाटी लांबल्या. अखेर ओवा काचेच्या बरणीत गेला आणि ‘झाकणासकट परत मिळेल’ या अटीवर डबा माझ्या ताब्यात आला. त्याला कनेक्टरसाठी भोक पाडताना आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, हे बरं झालं.

आठ रेझिस्टरांवरून नानांशी खडाजंगी झाली. ते म्हणाले, हे उगाच, तार आहे की नाही, मग वर रेझिस्टर कशाला. बटण दाबलेलं नसताना आयसीचा पाय अधांतरी राहतो, त्याला पाच व्होल्टकडे ओढून धरणारं काहीतरी लागतं, हे मी दोनदा सांगितलं. मग ‘उजवा’चा रेझिस्टर काढून दाखवला. आईने मिक्सर लावला आणि मारिओ कुणीही हात न लावता उजवीकडे चालू लागला, थेट खड्ड्यात. नाना म्हणाले, “कॅसेट खराब आहे.” आणि कॅसेट काढून फुंकली.

रेझिस्टर परत लावला. दांडा चारही बाजूंना ठीक, फायर ठीक. पण पडद्यावर ‘१ प्लेयर, २ प्लेयर’ ही पाटी, आणि गेम काही सुरू होईना. अटारीच्या जॉयस्टिकला स्टार्टच नसतो. तिकडे गेम सुरू करायचे खटके कंसोलवरच असायचे. सिलेक्टही नाही, बीही नाही. आठ जणांच्या हजेरीपटावर पाचच मुलं. उरलेली तीन बटणं डब्यावर बसवणं भाग होतं. ऐन वेळी घरात होती ती विजेच्या कामातून उरलेली दारावरच्या बेलची बटणं. पांढरी, मोठी, प्रत्येकावर घंटीचं चित्र. दाबलं की तार टेकते, सोडलं की सुटते. याहून जास्त कुणाला काय हवं असतं? फक्त गेम सुरू करताना घंटी दाबायची, एवढंच. आई अजूनही त्या ‘टक्’ आवाजाला दाराकडे बघते.

खेळायला भाचा आला. वय पंधरा, अंगठ्यांनी जगणारी पिढी. त्याने जॉयस्टिक हातात घेतली आणि हात कुठे ठेवायचे असं विचारलं. प्रश्न रास्त होता. रिमोटवर दिशा डाव्या अंगठ्याखाली आणि बटणं उजव्या. इथे डबा डाव्या हातात, लाल बटण डाव्या कोपऱ्यात, दांडा उजव्या मुठीत. सगळं उलट. मारिओला पळवायचं तर बी दाबून धरायचं, म्हणजे तिसरा हात श्रीखंडाच्या डब्यावर. तो हात मी पुरवला. मामा-भाच्याने मिळून एक मारिओ पळवला, तो पहिल्याच कासवाला धडकला.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममधल्या गुप्त कोडचं तर विचारूच नका. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, मग बी, ए, आणि तीस जीव. आमच्या पिढीला पाढे विसरतील पण हे नाही. दिशा दांड्याने झोकात दिल्या, बी साठी घंटी, ए साठी लाल बटण, स्टार्टला दुसरी घंटी. नानांनी मध्येच तिसरी दाबून बघितली. तीनच जीव मिळाले.

मग कॅसेटमध्ये रणगाड्यांचा गेम सापडला. चार दिशा आणि एक गोळी. बी लागत नाही, पळावं लागत नाही. ती पाच टिकल्यांची काठी जणू याच गेमसाठी बनवली असावी. दांडा कडकड वाजत वळतो, विटा फुटतात, आपला गरुड शाबूत राहतो. भाचा शिकला, मी खेळलो, नाना तर उठेनातच. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा गेम दोघांनी मिळून खेळता येतो.

“दुसरी जॉयस्टिक आहे ना?”

“आहे.”

“आयसी?”

“दोन घेतले होते.” रेझिस्टरांबद्दल त्यांनी विचारलं नाही.

“वायर?”

“माझ्याकडे टेलिफोनची पडलीय,” असं त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं.

“मग अडलंय कुठे?”

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई राळ्याच्या डब्यासमोर उभी होती, आणि तिथून हलण्याचा तिचा विचार दिसत नव्हता.

“दुसरा हवा असेल तर अर्धा किलो घेऊन या,” ती म्हणाली. “आणि आम्रखंड आणा. नानांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय, त्यामुळे संपवायचं तुलाच आहे.”