रजिस्ट्रेशनचं ‘कन्व्हर्जन’ नावाची गोष्टच नसते

‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नंबर असेल तर परीक्षा न देता एनकार्ब सर्टिफिकेटमध्ये कन्व्हर्ट करून देतो, मग अमेरिकेत ५५ ठिकाणी तुमची सही चालेल.’ खाली फी आणि रविवारची मुदत. (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर म्हणजे आपल्याकडे आर्किटेक्टची नोंदणी करणारी संस्था.) आर्किटेक्ट पोरांच्या ग्रुपांवर फिरत फिरत हा मेसेज रत्नागिरीत माझ्या भाचीपर्यंत पोचला. बहीण आंब्याच्या पेट्यांचे आलेले पैसे त्यात घालायला निघाली होती. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक थाप ‘सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स’ ही. एनकार्ब ही अमेरिकेतल्या आर्किटेक्ट नोंदणी मंडळांची संघटना आहे, ती लायसन्स देतच नाही. लायसन्स देतं ते त्या त्या राज्याचं मंडळ. ५५ आकडा खरा आहे: ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि ४ बेटप्रदेश. पण प्रत्येकाचं मंडळ वेगळं, अर्ज वेगळा, फी वेगळी. न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टला शेजारच्या न्यू जर्सीत सही-शिक्का मारायचा तरी तिथलं लायसन्स काढावं लागतं. ते सोपं व्हावं म्हणून हे सर्टिफिकेट. ‘रेसिप्रोसिटी’, म्हणजे परस्पर मान्यता, म्हणतात ती ही. त्यावरही कॅलिफोर्निया स्वतःची जादा परीक्षा घेतं ती घेतंच.

‘परीक्षा नाही’ हेही खोटं. आपल्याकडे नोंदणी असलेल्या माणसाला एनकार्बकडे परदेशी आर्किटेक्ट म्हणून जाता येतं, पण एआरई या तिथल्या लायसन्स परीक्षेचे सहाही भाग पास व्हावे लागतात. शिवाय ठरवून दिलेल्या सहा क्षेत्रांतला ३,७४० तासांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. भाचीने पावस गावातल्या चिऱ्याच्या घराचं काम पायापासून कौलांपर्यंत उभं राहून करून घेतलं, पण त्याची तासावार नोंद कुठेच नाही. ती कुठला एजंट करून देणार? दिली तर ती खोटीच असणार, आणि अर्जाखाली सही पोरीची असणार.

‘भारताशी करार झालाय’ म्हणे. एनकार्बचे परस्पर मान्यतेचे करार कॅनडा, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी आहेत. ब्रिटनशी झाला तो २०२३ मध्ये लागू झाला. भारताशी नाही. मेसेजमध्ये आपल्या आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ च्या कलम १५ चा दाखला आहे. मी ते कलम उघडून वाचलं. परदेशातल्या अशाच संस्थेशी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी कौन्सिलला वाटाघाटी करता येतील, असं त्यात आहे. बोलणी करायची मुभा आणि झालेला करार यांत किती अंतर आहे, हे ज्याने जमिनीचा व्यवहार केलाय त्याला सांगायला नको.

एक मान्य करतो. लायसन्स नसताना तिथल्या ऑफिसात नोकरी करता येते, आपली कितीतरी मुलं करतात. पण लायसन्सवाल्याच्या हाताखाली, स्वतःला आर्किटेक्ट न म्हणवता. ब्रिटनमध्येही रजिस्टरवर नाव नसताना ते बिरुद लावून धंदा करणं १९९७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बहिणीला सांगितलं, पैसे पतपेढीतच राहू दे. भाचीला म्हटलं, आधी राज्य ठरव, त्या मंडळाचे परदेशी अर्जदारांसाठीचे नियम स्वतः वाच, आणि आजपासून साइटवरचे तास डायरीत लिहायला घे. काल तिने पहिलं पान भरलं: जोत्याची पातळी तपासली, ३ तास.