जुळलेल्या दातांची गाडी

आईच्या गुडघ्यांनी यंदा एसटीच्या पायऱ्यांपुढे हात टेकले आणि आमच्या घरात गाडीचा विषय निघाला. बजेट एक लाख साठ हजार. त्यात भिशीचे पन्नास, पतसंस्थेचे नव्वद आणि बायकोच्या नकळत साठवलेले वीस. (ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते.) एवढ्या पैशात जुन्या गाड्यांचे दुकानदार जे काही दाखवायचे, ते जालन्यात आणायचीच भीती वाटायची. आमच्याकडे सळयांचे कारखाने. भंगार दिसलं की भट्टीत टाकतात.

मग कुणीतरी लिलावाचं सुचवलं. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या, भाव निम्मा. वीस हजार अनामत भरायची, बोली आपल्यावर सुटली नाही तर परत. मी भरून आलो. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला मेथीची जुडी घासाघीस करून घेता येत नाही. सोबत कुणाला तरी न्या."

म्हणून मामाला बोलावलं. मामा कंधारकडचा. त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण माळेगावच्या जत्रेत चाळीस वर्षं त्यानं बैल घेतलेत, विकलेत. लाल कंधारी गोऱ्हा शंभर पावलांवरून बघून तो कुठल्या पायानं लंगडणार आहे ते सांगतो.

यार्ड गावाबाहेर, काळ्या मातीत. आदल्या रात्री पाऊस झालेला. दोघांच्याही चपलांना दोन-दोन किलो चिखल लागला तेव्हा आम्ही गाड्यांपाशी पोचलो. फाटकावर अट लिहिलेली: 'जसे आहे, जेथे आहे'. गाडी सुरू करून बघता येईल, चालवून बघता येणार नाही.

"आन् न चालवता घ्यायची?" मामानं मला बाजूला ओढलं. "आरं, बैल न चालवता तर माझा बापबी उधार घेत नव्हता."

माझी नजर एका पांढऱ्या छोट्या गाडीवर बसली. २०१२ चं मॉडेल, एमएच-२६, म्हणजे नांदेडची. मामाला तेवढ्यानंच ती सोयरी वाटायला लागली. मी रात्र-रात्र व्हिडिओ बघून आलो होतो, ते ज्ञान पाजळायला घेतलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. इथं होतं २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा.

"म्हंजे हे दात," मामा लगेच समजला. बैलाचं वय दातांवरून मोजतात, तसा आदत, दुसा, चौसा करत त्यानं मनातल्या मनात हिशोब केला. "जुळलेली हाय. आता काय नवीन दात येत नाहीत हिला."

मीटरवर मात्र अडतीस हजार किलोमीटर. मामानं खाली वाकून ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबर घासून गुळगुळीत झालेलं.

"खूर झिजलेत, अन् मालक म्हणतो औत कसं असतं ते बघितलंच नाही!"

यार्डातल्या पोराला बोलावून वायर लावून गाडी सुरू केली. धूर निळा आला असता तर इंजिन ऑइल पितंय असं समजायचं होतं. निळा नव्हता. काळसर होता, पण व्हिडिओत काळसरपर्यंत मी पोचलो नव्हतो. झोप लागली होती. मागचं डावं दार उघडेना. "अक्का उजवीकडून बसंल," मामा म्हणाला.

मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' होतं आणि आत सीटखाली लहान पोराची एक चप्पल. मामा तिच्याकडे बघत जरा वेळ गप्प उभा राहिला. २०१६ ला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, त्यानं दावणीची जोडी विकली होती. "कासरा सोडताना हात चालत नाही," एवढंच म्हणाला. मग खाकरून म्हणाला, "चल, कितीला मागायची?"

लिलाव सुरू झाला आणि मामाला धक्काच बसला. लोक भाव चक्क ओरडून सांगत होते! त्याच्या बाजारात भाव रुमालाखाली, बोटं दाबून ठरतो; शेजारच्यालाही कळत नाही. त्यानं माझा हात उपरण्याखाली घेतला. आम्ही असे हातात हात घालून उभे, समोर गुटखा चघळणारे तीन दलाल. बोली नव्वद हजारापासून सुरू झाली.

एक दहा. एक वीस. एक अडतीसला मामानं माझी चार बोटं दाबली. मी समजलो, चार हजार चढवा. चढवले. त्यानं पुन्हा चार बोटं दाबली, यावेळी कचकचून. मी पुन्हा चढलो. शेवटी त्यानं अख्खा पंजा धरून पिळला. मला वाटलं, मामा पेटलाय! एकदम एक अडुसष्ट म्हणालो. दलालांनी एकमेकांकडे बघितलं, थुंकले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

"अरे मेल्या! चार बोटं म्हंजे एक चाळीसच्या वर जायचं नाही! पंजा म्हंजे बास! मी थांब म्हणूलालतो अन् तू चढूलालास!"

पुढचं कागदांचं सांगत नाही. मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, फायनान्सच्या कर्जाचा बोजा उतरवायला ३५, शिवाय विमा, पीयूसी आणि नवी नंबर प्लेट. त्या महिन्यात आमच्या घरी भाजी म्हणून फक्त वरण होतं.

गाडी घरी आली. बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, बॉनेटला कुंकू लावलं. आई उजवीकडून बसली. मी गल्लीतून मागे घ्यायला गिअर टाकला. खर्र झालं. पुन्हा टाकला. पुन्हा खर्र. रिव्हर्स पडतच नव्हता.

मामा खिडकीतून शांतपणे म्हणाला, "बैलाला तरी कुठं रिवर्स असतो?"

मेकॅनिकनं सांगितलेला आकडा ऐकून मीही बैलाच्या बाजूचा झालो. आता जालन्यातल्या आरपार निघणाऱ्या सगळ्या गल्ल्या मला पाठ आहेत. परवा आईला संभाजीनगरला दवाखान्यात नेलं. पार्किंगवाल्याला विनवून म्हटलं, "भाऊ, तोंड बाहेर ठेवून लावायचीय, सरळ निघता येईल अशी जागा दे."

"मंग लावा ना काका," तो शिट्टी काढत म्हणाला, "रिवर्स घ्या."