रँकिनबाईंच्या ‘नाही’बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जीनेट रँकिन यांच्यावरच्या माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून सुटका नाही. तुमचं म्हणणं असं: अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या या पहिल्या बाईंनी दोन्ही महायुद्धांच्या वेळी भावनेच्या भरात विरोधी मत दिलं, १९१८ साली मतदारांनी त्याची शिक्षा दिली, त्यामुळे स्त्रियांचंही नुकसान झालं, आणि मुळात हे सगळं गांधींच्या नादी लागून झालं.

६ एप्रिल १९१७ च्या पहाटे जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावाला ५० जणांनी विरोध केला. त्यातले ४९ पुरुष होते. सत्ताधारी डेमोक्रॅट पक्षाचे सभागृहनेते क्लॉड किचिनसुद्धा त्यांत होते. त्यांनाही शिव्या पडल्या, पण त्यांचं पुरुष असणं कुणी काढलं नाही. रँकिनबाई मत देताना रडल्या का, याचीच मात्र वर्तमानपत्रांना काळजी. शिवाय त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धच्या ठरावाला त्यांनी होकार दिला होता. हे त्यांच्या भक्तांनाही फारसं आवडत नाही, तुमच्या ‘भावनेच्या भरात’लाही ते जुळत नाही.

१९१८ च्या पराभवाचं कारण तुम्ही एका मतात बसवता, तिथे माझा खरा आक्षेप आहे. १९१६ साली त्या निवडून आल्या तेव्हा त्यांचं अख्खं मोंटाना राज्य एकच मतदारसंघ होतं आणि जागा दोन. मग विधिमंडळाने राज्याचे दोन भाग पाडले. रँकिनबाईंच्या वाट्याला आला पश्चिमेकडचा, डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. त्या होत्या रिपब्लिकन, म्हणून त्यांनी अख्ख्या राज्यातून निवडून द्यायच्या सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाची, वाट धरली. त्यात ब्यूट या मोंटानातल्या तांब्याच्या खाणींच्या शहरातलं प्रकरण. जून १९१७ मध्ये तिथल्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागून १६८ कामगार मेले आणि संप पेटला. कामगार संघटक फ्रँक लिटल यांना १ ऑगस्टच्या पहाटे खोलीतून ओढून नेऊन फासावर लटकवण्यात आलं. अशा वातावरणात रँकिनबाई ब्यूटला गेल्या, कामगारांच्या बाजूने बोलल्या, सरकारने गरज पडल्यास खाणी ताब्यात घ्याव्यात अशी मागणी त्यांनी काँग्रेसमध्ये केली. समोर होती ॲनाकोंडा कॉपर कंपनी. राज्यातली बरीचशी वर्तमानपत्रं तिच्या खिशात! एवढं होऊनही सिनेटसाठीची पक्षांतर्गत निवडणूक त्या दोन हजारांहून कमी मतांनी हरल्या. मग एका छोट्या पक्षातर्फे उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आल्या.

स्त्रियांचं नुकसान? जानेवारी १९१८ मध्ये, म्हणजे त्या ‘नाही’नंतर नऊ महिन्यांनी, स्त्री-मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा प्रतिनिधिगृहात त्यांनीच सुरू केली. ठराव २७४ विरुद्ध १३६ ने मंजूर झाला. सिनेटमध्ये अडला, तो वेगळा भाग.

राहिलं १९४१. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जपानविरुद्धच्या युद्धाचा ठराव ३८८ विरुद्ध १ ने मंजूर झाला; तो एक विरोध रँकिनबाईंचा. ते मत मलाही पटत नाही. आपल्यावर हल्ला झाल्यावर खासदाराने काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं असंच मला वाटतं. पण १९४० च्या प्रचारात त्यांनी युद्धाला विरोध करण्याचं वचन दिलं होतं. तुमची मुलं परक्या युद्धात पाठवणार नाही, असं त्याच निवडणुकीत रूझवेल्टही बॉस्टनला सांगत होते. मत दिल्यावर चिडलेल्या गर्दीतून सुटण्यासाठी बाईंना टेलिफोन बूथमध्ये शिरावं लागलं. १९४२ साली मतदारांनी त्यांना पाडलं असं तुम्ही म्हणता, पण तसं झालं नाही. त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

आणि गांधी. एप्रिल १९१७ मध्ये गांधी स्वतःच चंपारणात नुकते पोचत होते, तेव्हा त्या पहिल्या ‘नाही’चं खापर त्यांच्यावर नको. रँकिनबाई भारतात आल्या त्या १९४६ पासून, पुढे एकूण सात वेळा. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांच्या मोर्चाच्या पुढे त्या वॉशिंग्टनमध्ये चालल्या. तिथे गांधींचं नाव घ्या, मी वाद घालणार नाही.