आधी फाईल काढा!

"आधी फाईल काढा." हे तीन शब्द आता कुणीही, कुठेही उच्चारले तरी माझं डोकं फिरतं. बँकेत कुणी म्हणालं तरी फिरतं. चार महिने झाले, राग तसूभरही उतरलेला नाही, म्हणून काकांना स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात झाला त्या दिवसाचं आज सगळं लिहून काढतेय.

सकाळी सात चाळीसला काका चहा पीत बसले होते आणि चहा तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली गळायला लागला. काकूला वाटलं, कप कलला असेल. ती फडकं घेऊन येईपर्यंत काकांचा उजवा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या बाजूला लोंबत होता. काका तिला काहीतरी जिवाच्या आकांताने सांगू बघत होते, पण तोंडातून फक्त "ती… ती… ती…" एवढंच येत होतं. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. धावत खाली आले, म्हटलं, "काका, दोन्ही हात वर करा." एकच वर गेला.

१०८ ला फोन करायला हवा होता. नाही केला, घाईत सुचलंच नाही, ही आमची चूक आणि ती मी मान्य करते. चुलतभावाने गाडी काढली. पुण्यात धायरी फाट्यापासून सिंहगड रोडवर सकाळी आठला काय अवस्था असते ते रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. मी मागे काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि भाऊ हॉर्नवरचा हात काढत नव्हता. समोरच्या स्कूटरवाल्याने एकदा वळून बघितलं आणि पुन्हा मधोमधच चालवत राहिला. तरी आठ पंचवीसला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. झटका आल्यापासून पाऊण तासात! मला वाटलं, जिंकलो.

दारात सिक्युरिटीवाला म्हणाला, गाडी इथे लावू नका. व्हीलचेअर मिळाली तिला उजव्या बाजूला पाय ठेवायची पट्टीच नव्हती. काकांचा उजवा पाय फरशीवरून फरफटत गेला, चप्पल निघाली, ती काकूने उचलली आणि पुढचे दोन तास ती बाई एका हातात ती चप्पल आणि दुसऱ्या हातात रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी धरून उभी होती. कुणी बस म्हणालं नाही तिला.

कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. त्याने काकांचे हात बघितले, हसायला सांगितलं, कधीपासून झालंय ते विचारलं, शुगर तपासली, आणि आठ चाळीसला, म्हणजे पंधरा मिनिटांत, तो स्वच्छ म्हणाला, "स्ट्रोक वाटतोय, सीटी लगेच करून घ्या." सीटीची, म्हणजे मेंदूचा स्कॅन काढायची खोली तिथून समोर दिसत होती. दार उघडं होतं, आत दिवा चालू होता, मशीन रिकामं होतं. मोजून पंचवीस पावलं. मी नंतर जाऊन मोजलीत.

वॉर्डातल्या मामांनी स्ट्रेचर ढकललं. सीटीच्या दाराशी खुर्चीवर बसलेला माणूस म्हणाला, "चिठ्ठी?" चिठ्ठी बिलिंगमधून. बिलिंगवाली म्हणाली, "आधी फाईल काढा." फाईलसाठी रजिस्ट्रेशन. रजिस्ट्रेशनसाठी टोकन. टोकन घेतलं तर पुढे सात जण, त्यातला एक हर्नियाची तारीख घ्यायला आलेला. मी म्हटलं, अहो, आमचा पेशंट सिरीयस आहे. मागून आवाज आला, "आम्ही पण लाईनीतच आहोत." नंबर लागल्यावर आधार कार्ड. आधारावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव यात एका अक्षराचा फरक. मेडिक्लेम कुठला, कॅशलेस का, पॉलिसी नंबर काय? पन्नास हजार डिपॉझिट. भावाच्या फोनवर पैसे पाठवायची मर्यादा संपलेली, माझ्या फोनवर ते गोल चाक फिरत राहिलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला. आणि हे सगळं चालू असताना मागे स्ट्रेचरवर काका डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलून पोटावर ठेवत होते, आणि तो पुन्हा खाली पडत होता. पुन्हा उचलत होते, पुन्हा पडत होता.

सीटी झाला नऊ पस्तीसला. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं साडेदहाला, कारण मधे पुन्हा एकदा इंजेक्शनचे पैसे भरायला खाली जाऊन यावं लागलं. दारातून आत आल्यापासून सुईपर्यंत दोन तास पाच मिनिटं. याची जगभर मान्य असलेली मर्यादा एक तास आहे, आणि चांगली केंद्रं ती कधीच मागे टाकून अर्ध्या तासाच्या गोष्टी करतायत.

त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये काम करते. पण वाचलं तसतसा संताप वाढतच गेला. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, हा हिशोब २००६ साली मांडला गेला. मिनिटाला १९ लाख! एक तासाच्या मर्यादेवर आमची ६५ मिनिटं जास्त गेली. हिशोब करणं माझा धंदा आहे म्हणून केला. १२ कोटी ३५ लाख. माझ्या काकांच्या डोक्यातल्या. त्या काउंटरवर.

आणि तिथला एक मॅनेजर मला काय म्हणाला? "घाबरू नका मॅडम, साडेचार तासांची विंडो असते, अजून वेळ आहे." अहो, ती काय शेवटच्या लोकलची वेळ आहे का, की सुटायच्या आधी पोचलं म्हणजे झालं? १९९५ च्या अमेरिकन चाचणीने झटक्यानंतर तीन तासांपर्यंत हे इंजेक्शन दिल्याचा फायदा दाखवला, २००८ च्या युरोपातल्या चाचणीने तो साडेचार तासांपर्यंत मिळू शकतो असं दाखवलं. मिळू शकतो! सारखाच मिळतो असं कुणीच म्हटलेलं नाही. सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र करून २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जे आकडे आले ते असे: तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या शंभरातले ३३ जण जवळपास पूर्ववत झाले, औषध न मिळालेल्यांमधले २३. तीन ते साडेचार तासांत दिलं, तर ३५ आणि ३०. म्हणजे दहाचा फायदा पाचावर आला. निम्मा! "अजून वेळ आहे" म्हणणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने त्या काउंटरच्या आसपास उभं राहू नये, आणि माहीत असून म्हणाला असेल तर मला बोलायला शब्द नाहीत.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या हॉस्पिटलात १९९८ साली दारापासून सुईपर्यंत १०५ मिनिटं लागायची. २०११ पर्यंत त्यांनी ती २० वर आणली. कसली जादू केली? ॲम्ब्युलन्समधून आधी फोन यायचा, पेशंट पोचायच्या आत नावगाव, जुने आजार, औषधं सगळं गोळा झालेलं असायचं, पेशंट खाटेवर न घेता ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीला, आणि औषध सीटीच्या टेबलावरच. बस. मुख्यतः कामाचा क्रम बदलला. मेलबर्नच्या एका हॉस्पिटलने हीच पद्धत उचलली आणि चार महिन्यांत दिवसाच्या वेळेत २५ मिनिटांवर आले. चार महिन्यांत! आमच्याकडे मशीन होतं, डॉक्टर होता, औषध होतं, पंचवीस पावलांवर होतं. मधे फक्त एक खुर्ची होती आणि तिच्यावर "चिठ्ठी?" विचारणारा माणूस.

रक्ताचे सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज बहुतेकांना नसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर इंजेक्शनआधी शुगर तेवढी कळावीच लागते, हेही मला आता कळलंय. ती तर आठ चाळीसला झालेली होती.

तिकडे संशोधक एकेक मिनिट वाचवण्यासाठी आयुष्यं घालवतायत. बर्लिन आणि ह्यूस्टनमध्ये ॲम्ब्युलन्समध्येच सीटी मशीन बसवून ते पेशंटच्या घरापाशी घेऊन जातात, आणि त्याने लोक कमी अपंग होतात हे २०२१ साली दोन्हीकडच्या अभ्यासांनी दाखवून दिलं. गुठळी विरघळवायचं जुनं औषध सलाईनमधून तासभर द्यावं लागतं. २०२२ साली कॅनडातल्या २२ केंद्रांनी मिळून सिद्ध केलं की टेनेक्टेप्लेज हे एकाच झटक्यात टोचायचं औषध त्याच्यापेक्षा कमी पडत नाही. तासाचं काम काही सेकंदांवर आणलं त्यांनी. आणि ते वाचवलेले सगळे तास आमचं बिलिंग काउंटर खाऊन टाकतं. माझा राग हा आहे. विज्ञान कमी पडलं असतं तर मी नशिबाला दोष दिला असता. विज्ञान पंचवीस पावलांवर दिवा लावून थांबलं होतं.

आणि कायदा? १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, बाकी सोपस्कार नंतर. त्या खटल्यामागे एक स्कूटरवाला होता, त्याला जवळच्या हॉस्पिटलने न घेता वीस किलोमीटरवर पाठवलं आणि तो वाटेत गेला. १९९६ साली पश्चिम बंगालच्या खटल्यात कोर्टाने पुन्हा सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा सरकारी हॉस्पिटलकडून जगण्याच्या हक्काचाच भंग आहे. महाराष्ट्राने २०२१ साली नियम बदलून रुग्ण हक्कांची सनद हॉस्पिटलात लावणं बंधनकारक केलं. ती सनद मी बघितली. रजिस्ट्रेशनच्या मागच्या भिंतीवर चौकटीत होती, खालच्या चार ओळी कुंडीतल्या झाडाने झाकलेल्या. टोकन हातात धरून मी तीच वाचत उभी होते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये एका हॉस्पिटलने उपचाराआधी डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून याच शहरात केवढा उद्रेक झाला. मोर्चे निघाले, समित्या बसल्या. मला खरंच वाटलं होतं की आता निदान कॅज्युअल्टीत तरी कुणी आधी पैसे मागणार नाही.

काउंटरवरच्या मुलीवर माझा राग नाही, हेही लिहिते. बावीस-तेवीसची असेल. एंट्री केल्याशिवाय कॉम्प्युटर चिठ्ठी छापतच नाही, आणि तिने मनाने सोडलं असतं तर तिच्या पगारातून गेले असते, असं तिनेच मला हळू आवाजात सांगितलं. तो कॉम्प्युटर तसा कुणीतरी बनवून घेतलाय. एसी केबिनमध्ये बसून कुणीतरी ठरवलंय की स्ट्रोकचा पेशंट आणि हर्नियाची तारीख एकाच टोकनाच्या रांगेत. तो माणूस कधी समोर येत नाही.

पुढचं थोडक्यात. इंजेक्शननंतर चोवीस तास फार बारीक लक्ष ठेवावं लागतं, पहिले दोन तास तर दर पंधरा मिनिटांनी बीपी. पण वर बेड नाही, म्हणून काका रात्रभर कॅज्युअल्टीतच, चाकाच्या स्ट्रेचरवर, ट्यूबलाईटखाली. नऊ स्ट्रेचर आणि एक सिस्टर. ती बिचारी रात्रभर बसली नाही. बेड का नव्हता? वरच्या मजल्यावर तीन माणसं कपडे करून, पिशव्या भरून, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या फायनल ॲप्रूव्हलची वाट बघत बेड अडवून बसली होती! त्यांचा काय दोष? डिस्चार्जचं ॲप्रूव्हल तीन तासांत द्या, असं विमा नियामकाने २०२४ साली बजावलंय. त्यातले एक आजोबा सकाळी अकरापासून बसलेले होते.

फ्रान्समध्ये ९७ इमर्जन्सी विभागांत पंचाहत्तरीच्या पुढच्या सुमारे सोळाशे जणांचा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला. ज्यांना बेडअभावी रात्र इमर्जन्सीतच काढावी लागली त्यांच्यातले १५.७ टक्के हॉस्पिटलातच दगावले, आणि ज्यांना वेळेत वॉर्ड मिळाला त्यांच्यातले ११.१ टक्के. इंग्लंडच्या आकड्यांवरून २०२२ साली काढलेला हिशोब आणखी अंगावर येतो: भरतीची गरज असलेले पेशंट सहा ते आठ तास अडकून पडले, तर अशा दर ८२ जणांमागे एक मृत्यू जास्तीचा. काकांनी एकवीस तास काढले. ते एकाहत्तरचे आहेत, वाचले.

वाचले म्हणजे काय, तेही सांगते. काका रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, पेनाने, खाडाखोड न करता. आता पेन डाव्या हातात धरतात. काकू आडवे-उभे शब्द वाचून दाखवते. त्यांना उत्तर येतं, ते डोळ्यांत दिसतं, मान हलते, आणि तोंडातून "ती" येतं. मग ते पेपर बाजूला सारतात. स्पीच थेरपिस्ट म्हणतात, सुधारणा होईल, वेळ द्या.

मला हवंय ते फार नाही. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने "स्ट्रोक" म्हटलं की त्याचा शब्द हीच चिठ्ठी. पैसे, आधार, पॉलिसी, सगळं माणूस मशीनमध्ये असताना घ्या, आम्ही कुठे पळून जाणार आहोत? आमचा माणूस तुमच्या टेबलावर आहे. आणि ती खुर्ची सीटीच्या दारातून उचला.

काकूने आता स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे, एक लिफाफा ठेवलाय. आधारच्या झेरॉक्स, पॉलिसीचा नंबर मोठ्या अक्षरात, आणि मुदत ठेव मोडून आणलेले पन्नास हजार रोख. परवा मला दाखवला आणि म्हणाली, "तुझं चार्जिंग संपलेलं असलं, नेट बंद असलं, तरी हे असू दे. पुढच्या वेळी फाईल पटकन निघेल."